सोफ्यामागची बोडकी भिंत आणि लढाईचा जुना नकाशा

घाटवाट (धागाकर्ता)

नवीन घरात येऊन आठ महिने झाले, तरी हॉलमधली एक भिंत अजून बोडकीच आहे. सोफ्याच्या मागची, साडेपाच फूट रुंद. बायको म्हणते वारली, मेव्हणा म्हणतो सात पळते घोडे आणि आई म्हणते आधी पडदे लावा. मला तिथे जुना लष्करी नकाशा हवाय. अस्सल नव्हे, तेवढी ऐपत नाही. छापील प्रत चालेल, पण चांगली.

'चांगली' या शब्दावर जोर का, ते सांगतो. मागच्या दिवाळीत ऑनलाइन एक 'पानिपत १७६१, दुर्मीळ युद्धनकाशा' मागवला होता. नळकांडं उघडलं, तर चहात बुडवून वाळवल्यासारखा कागद. हात फिरवल्यावर कळलं की तो डाग छापलेला आहे. कडा जळक्या, त्याही छापलेल्या. कोपऱ्यात होकायंत्राचं फूल, उत्तर वर दाखवणारं, आणि यमुना पानिपतच्या पश्चिमेला! भाऊसाहेब आणि अब्दाली दोघांच्या हातात हा नकाशा दिला असता, तर लढाई झालीच नसती, एकमेकांना सापडलेच नसते. पैसे परत मिळाले नाहीत. सध्या त्या नकाशावर आमच्याकडे लसूण सोलला जातो.

तर जाणकारांनो, कुठल्या लढाईचा घ्यावा? प्रत खऱ्या नकाशावरून काढलीय की कुणी कॉम्प्युटरवर बसून 'जुनी' केलीय, हे कसं ओळखायचं? आणि पुण्याच्या पावसाळ्यात भिंतीवर टिकवायचा कसा? आपल्या इतिहासाशी संबंध असला तर उत्तम, पण अट नाही.

अटकेपार

वाचनखूण साठवली. आधी पानिपतचा नाद सोड. त्या नावाने विकायला असलेले जे नकाशे मी पाहिलेत, ते जवळजवळ सगळे हल्ली कुणीतरी काढलेले. तुला हवेत तसे, लढाईची जागा मोजून, तांब्याच्या पत्र्यावर कोरून त्या काळी छापलेले नकाशे आपल्याकडे मुख्यतः इंग्रजांनी लढलेल्या लढायांचेच मिळतात. कारण साधं आहे: मोजणारे आणि छापणारे तेच होते.

व्हॅलेंटाइन ब्लॅकर नावाचा मद्रास फौजेचा क्वार्टरमास्टर जनरल होता. १८१७ ते १८१९ च्या शेवटच्या इंग्रज-मराठा युद्धाचा त्याने लिहिलेला इतिहास १८२१ मध्ये लंडनला छापला गेला, सोबत नकाशांचा वेगळा खंड. त्यात महिदपूरपासून अशीरगडापर्यंतच्या लढायांचे नि वेढ्यांचे नकाशे आहेत. हाच ब्लॅकर १८२३ मध्ये हिंदुस्थानचा सर्व्हेअर जनरल झाला, त्यामुळे हात कच्चा नव्हता. डोंगर दाखवायला उताराच्या दिशेने ओढलेल्या बारीक केसाळ रेघा असतात. चढ जितका उभा, तितक्या त्या दाट आणि काळ्या. युरोपात या पद्धतीला लेमान नावाच्या सॅक्सन अधिकाऱ्याने १७९९ मध्ये नियमात बसवलं. समोच्चरेषांपेक्षा हे प्रकरण भिंतीवर कितीतरी देखणं दिसतं.

पण मला विचारशील तर असई घे. २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यात. एकीकडे दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले, दुसरीकडे आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन. असईचा नकाशा मला आवडतो, कारण त्यात लढाई *वाचता* येते. दोन नद्या, केळणा आणि जुई, एकमेकींकडे झुकत जाऊन मिळतात आणि मधे जमिनीची एक चिंचोळी जीभ राहते. शिंद्यांची फौज केळणेच्या पलीकडे, नदीकडे तोंड करून. वेलस्लीचे वाटाडे म्हणत होते, पुढे नदी पायी ओलांडायला उतार नाही. त्याने पाहिलं तर नदीच्या अलीकडे एक गाव आणि बरोबर समोर पलीकडे दुसरं. पीपलगाव आणि वारूर, ही इंग्रजी कागदांतली नावं. दोन गावं अशी तोंडाला तोंड देऊन वसली असतील तर मधे ये-जा असणारच, म्हणजे उतार असणारच, असा त्याने तर्क केला. आणि होता. नकाशात ती दोन गावं शोध, सगळी लढाई त्या दोन ठिपक्यांतून सुरू होते.

आता पुढची गंमत. इंग्रज फौज नदी उतरून डाव्या बगलेवर येतेय म्हटल्यावर शिंद्यांच्या कवायती पलटणींनी अख्खी रांग काटकोनात फिरवली. एक टोक केळणेवर, दुसरं असई गावावर. हॅनोव्हरचा पोलमान त्यांचा सेनापती. वेलस्लीला हे अपेक्षित नव्हतं. चांगल्या नकाशात पहिली जागा फिकी आणि दुसरी गडद, अशा दोन्ही रांगा काढलेल्या असतात. त्या दोन रांगांमधला काटकोन बघत बसावा. इंग्रजांचं उजवं टोक चुकून असई गावाच्या फार जवळ गेलं आणि ७४ व्या हायलँडर पलटणीची तिथे अक्षरशः चाळण झाली. इंग्रजांचे दीड हजारांहून जास्त मेले-जखमी झाले. म्हातारपणी कुणीतरी वेलिंग्टनला विचारलं, लढाईतलं तुमचं सर्वांत चांगलं काम कुठलं? तर त्याने वॉटर्लू नाही, असई म्हटलं.

कासवगती

नकाशा सुंदर असेल, पण एक प्रश्न पडतो. महिदपूर, असई... म्हणजे हॉलमध्ये आपण आपले पराभव टांगायचे? तेही हरवणाऱ्याने काढलेले? लाल रंगाच्या पट्ट्या पुढे सरकताहेत आणि आपली माणसं 'शत्रू' म्हणून लिहिलेली. पाहुण्यांना काय सांगणार?

अटकेपार

@कासवगती, प्रश्न रास्त आहे, टाळत नाही. नकाशात 'शत्रू' लिहिलंय हे खरं. म्हणूनच तो लावावा, असं मला वाटतं. इंग्रज काय बघत होते, काय मोजत होते आणि कशाकडे दुर्लक्ष करत होते, ते तिथे पांढऱ्यावर काळं दिसतं. असईच्या नकाशात तोफांच्या जागा खुणेनिशी आहेत, पण मेलेल्या गोलंदाजांपैकी एकाचंही नाव नाही. शिंद्यांच्या तोफखान्याची धास्ती मात्र त्याच नकाशात दिसते, कारण तोफा नीट मोजून दाखवल्याशिवाय त्यांना स्वतःचा विजय मोठा करता येत नव्हता.

याच्याहून बोलका नमुना हवा असेल तर जेम्स रेनेलचा १७८२ चा हिंदुस्थानचा नकाशा बघा. त्याच्या कोपऱ्यातल्या चित्रात ब्रिटानिया देवी उभी आहे आणि ब्राह्मण तिच्या हाती शास्त्रग्रंथ सोपवताहेत. पोथ्या रक्षणासाठी सोपवल्या म्हणे! नकाशात मराठ्यांचा प्रदेश भलाथोरला, आणि कोपऱ्यात हे नाटक. हॉलमध्ये लावला तर चर्चा हमखास.

सोनचाफा

मी इंटिरियरचं काम करते, म्हणून थोडं वेगळं. नकाशा भिंतीवर लावणं ही आजची फॅशन नाही. सतराव्या शतकातल्या हॉलंडमध्ये मध्यमवर्गीय घरांत मोठे नकाशे टांगलेले असायचे. व्हर्मीरचं ते चित्र आठवा, खिडकीपाशी बसलेला लाल कोटातला शिपाई आणि समोर हसणारी मुलगी. मागे भिंतीवर हॉलंडचा मोठा नकाशा आहे. ते नकाशे वार्निश लावून उघडेच टांगायचे, त्यामुळे धूर आणि ओलीने बहुतेक गेले. आज कुठले नकाशे होते ते बऱ्याचदा चित्रांवरूनच कळतं.

आणि त्याहून जुनं: व्हॅटिकनमधलं नकाशांचं दालन. १२० मीटर लांब, इग्नाझियो दांतीच्या देखरेखीखाली १५८० ते १५८३ मध्ये रंगवलेलं, ४० नकाशे. इटलीचे प्रांत आहेत, पण माल्टाचा १५६५ चा वेढा आणि लेपांतोची १५७१ ची आरमारी लढाईसुद्धा आहे. पोपला चालतं तर घाटवाटला का नाही :)

व्यवहाराचं: साडेपाच फूट भिंतीवर एकच मोठा लावा, चार छोटे नको. नकाशा लांबून रंगाचा तुकडा म्हणून दिसला पाहिजे आणि जवळ गेल्यावर वाचता आला पाहिजे. सोफ्याच्या मागे असेल तर पंचाईत होते, वाचायला लोक सोफ्यावर गुडघे टेकतात. शक्य असेल तर जेवणाच्या टेबलाशेजारची भिंत बघा.

मांडवीकाठ

गोव्याहून. आमच्याकडच्या नकाशांना विसरू नका. लिन्सकोटेनचा गोव्याचा नकाशा तर हॉटेलांच्या लॉबीत सगळीकडे आहे, एवढा की आता बघवत नाही. (हा डच माणूस इथल्या आर्चबिशपच्या पदरी होता आणि पोर्तुगिजांची माहिती घरी जाऊन १५९६ मध्ये छापून मोकळा झाला.) मला आवडतात ते पोर्तुगीज बखरकार बोकारोच्या १६३५ च्या हस्तलिखितातले किल्ले. पोर्तुगालच्या राजासाठी पूर्वेकडच्या ठाण्यांची जंत्री केलेली: कुठे किती तोफा, किती शिपाई, किती घरं. चित्रं पेद्रो बारेतो दे रेझेंदेची. चौल, वसई, दीव, गोवा. मोजणीच्या दृष्टीने कच्ची आहेत, भिंती आडव्या पडल्यासारख्या नि घरं खेळण्यातली. पण रंग! वसईचा लावलात तर पुणेकरांना आनंदच, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी घेतलीच की.

कासवगती

वसईचा चालेल!! :-)

काचफ्रेम

मी फ्रेमिंगच्या धंद्यात २२ वर्षं आहे. थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं, पण तुमच्या त्या लसणाच्या नकाशाने राहवलं नाही.

खरी प्रत कशी ओळखायची? भिंग घ्या. मूळ तांब्याच्या पत्र्यावरच्या नकाशात रेघ शाईची, सलग आणि कागदावर किंचित उठलेली असते, आणि चारी बाजूंनी पत्र्याचा दाब बसलेला ठसा दिसतो. तुम्ही प्रत घेताय, म्हणजे भिंगात इंकजेटचे तुषार दिसणारच, त्यात फसवणूक नाही. बघायचं ते प्रत *कशाची* आहे. चांगल्या स्कॅनमध्ये पत्र्याच्या ठशाची सावली असते, पुस्तकात घडी घालून ठेवलेला असेल तर घड्यांच्या रेषा असतात, एखादी घडी फाटून मागून चिकटवलेली असते. दुकानवाला त्या रेषा 'साफ' करून देतो म्हणाला तर नको म्हणा. आणि डाग सगळीकडे सारखा पसरलेला दिसला की समजा, तो काळाचा नाही, फोटोशॉपचा आहे. खरा डाग कडेने जास्त आणि मधे कमी असतो.

फाइल: २४ इंच रुंद छापायचं तर निदान ७२०० पिक्सेल रुंदी हवी, म्हणजे इंचाला ३०० ठिपके (डीपीआय). त्याच्या खाली गेलात की गावांची नावं मुंग्या होतात. कॅनव्हासवर छापू नका, कॅनव्हासची वीण केसाळ रेघा खाऊन टाकते. जाड, बिनचकाकीचा सुती कागद आणि पिगमेंट शाई.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही. नकाशा मूळ मापापेक्षा मोठा छापलात की त्यावर शब्दांत लिहिलेलं 'एका इंचाला इतके यार्ड' खोटं ठरतं. खाली काढलेली मोजपट्टी मात्र नकाशाबरोबर वाढते, ती खरीच राहते. पट्टी असलेला नकाशा घ्या.

फ्रेम: पावसाळ्यात बुरशी येते ती काच कागदाला टेकल्यामुळे. मधे माउंट, म्हणजे नकाशाभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच, तोही आम्लविरहित बोर्डाचा. साध्या बोर्डाची कड काही वर्षांत पिवळी पडते आणि तो पिवळेपणा नकाशात उतरतो. नकाशा पाठीमागच्या बोर्डवर पूर्ण चिकटवायचा नाही, वरच्या कडेला दोन बिजागऱ्या, जपानी कागदाच्या, गव्हाच्या खळीने. सेलोटेप बघितली की माझं डोकं फिरतं. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बूच किंवा रबराची बटणं लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. बाहेरच्या बाजूच्या, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर लावू नका. कसर लागली की ती आधी खळ खाते, मग कागद.

घाटवाट

@काचफ्रेम, दंडवत. मागच्या वेळी आमच्या गल्लीतल्याने एक प्रिंट एमडीएफवर डिंक फासून चिकटवून दिली होती. जूनमध्ये फुगे आले. आता कळलं का ते.

एडिनबर्गकर

इकडून एक भर. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर विल्यम रॉयचं लष्करी सर्वेक्षण बघता येतं. १७४६ मध्ये कलोडनला बंडखोर हायलँडरांचा पाडाव झाल्यावर सरकारच्या लक्षात आलं की ज्या डोंगरांत आपण लढलो त्यांचा धड नकाशाच नाही. मग १७४७ ते १७५५ मध्ये हे काम झालं. चित्रकार पॉल सँडबी त्यात होता, त्यामुळे डोंगर कुंचल्याने रंगवलेले आहेत. आमच्या जिन्यात ग्लेन को खोऱ्याचा नकाशा लावलाय. ढगाळ संध्याकाळी नकाशा आणि खिडकीबाहेरचा रंग एकच होतो. याच रॉयच्या आग्रहातून पुढे १७९१ मध्ये ऑर्डनन्स सर्व्हे उभा राहिला, आज डोंगरात चालणारे सगळे त्याचेच नकाशे खिशात घालून फिरतात.

आणि तिसऱ्या जॉर्ज राजाचा खासगी संग्रह, सुमारे ३००० लष्करी नकाशे आणि चित्रं, २०२० मध्ये ऑनलाइन आला. अमेरिका हातची घालवणारा हाच तो राजा, नकाशे मात्र जपून ठेवले. स्टॅनफर्डमधला डेव्हिड रम्सी संग्रहही बघा. घरी लावायला उतरवून घेता येतात, छापून विकायचं असेल तर अटी वाचा.

अस्सलच हवा म्हणणाऱ्यांना एक सूचना: भारतात १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू (हस्तलिखितांना ७५ वर्षं) १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. इथल्या भावाला भेट पाठवतो म्हणून जुन्या बाजारातून घेऊन पाठवायला जाल तर अडचणीत याल.

शेवगा

लष्करी नकाशा म्हटलं की मला आमच्या वाड्यातला एक आठवतो, छपाई वगैरे काही नाही. पणजोबा ११० व्या मराठा पलटणीत होते, सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुट-अल-अमाराच्या वेढ्यात अडकले. १४७ दिवस, एप्रिल १९१६ मध्ये शरणागती. ते परत आले, कसे ते कधी बोलले नाहीत. पण आजीला एकदा चुलीच्या राखेत बोटाने नदी काढून दाखवली होती: तैग्रिसचा इंग्रजी यू-सारखा वळसा, आत गाव, आणि वळशाच्या तोंडाशी आडव्या रेघा म्हणजे खंदक. आजीने तो आम्हाला काढून दाखवला, मी मुलीला.

मागच्या वर्षी त्या वेढ्याचा छापील नकाशा मिळाला. वळसा तसाच, खंदकांच्या रेघा तशाच. ए-फोर आकारात छापून फ्रेम केलाय, देवघराच्या बाहेर. मोठा करावासा वाटला नाही.

अटकेपार

@शेवगा, हे वाचून थांबलो काही वेळ.

मोहोर

अवांतर: मराठ्यांनी स्वतः काढलेले नकाशे नव्हतेच का?

अटकेपार

होते ना. मोडीत नावं लिहिलेले नकाशे आहेत, किल्ल्यांचे आणि मुलखाचेही. पण पद्धत वेगळी. तटाची वळणं वरून पाहिल्यासारखी, आणि दरवाजे, बुरूज, झाडं समोरून पाहिल्यासारखी, तटाच्या बाहेर आडवी पाडलेली. नकाशा हातात फिरवत फिरवत वाचायचा. मला तर ते भिंतीपेक्षा जमिनीवर पसरून बघायचे नकाशे वाटतात. चांगली स्कॅन सहज मिळत नाही हीच अडचण.

गणितमास्तर

एकानेही मिनार या फ्रेंच इंजिनिअरचं नाव घेतलं नाही? त्याचा १८६९ चा नकाशा, नेपोलियनच्या रशियावरच्या स्वारीचा. जाताना ४,२२,००० माणसांचा जाड पट्टा, परतताना १०,००० चा काळा दोरा. एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार माणसं. खाली परतीच्या वाटेवरचं तापमान. बेरेझिना नदीपाशी पट्टा एकदम निम्मा होतो. काढला तेव्हा मिनार ८८ वर्षांचा होता. माझ्या वर्गात लावलाय. सातवीतला एक मुलगा बोटाने पट्टा मॉस्कोपर्यंत नेऊन परत आणतो, आणि दर वेळी नदीपाशी थांबतो.

घाटवाट

दोन महिन्यांनी अपडेट देतोय, उशीर झाला त्याबद्दल माफी.

असई ठरला. मूळ मापाच्या दीडपट, सुती कागद, मोजपट्टी आहे, घड्यांच्या रेषा आहेत. @सोनचाफा यांच्या सांगण्यावरून जेवणाच्या टेबलाशेजारी लावला, सोफ्यामागे आता पडदेच आहेत (आईचं म्हणणं शेवटी खरं झालं). फ्रेम मागून बूच लावून.

आईचं माहेर जाफराबादजवळ आहे, हे मी इथे आधी लिहायला हवं होतं. लावल्याच्या दिवशी ती चष्मा लावून फ्रेमपुढे उभी राहिली. इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचते. एका नदीपाशी थांबली आणि म्हणाली, "हे कैटना काय लिहिलंय मेल्यांनी? केळणा आहे ती. आम्ही धुणी धुवायचो तिच्यावर." मग भोकरदन शोधलं, ते 'बोकरडन' निघालं. जाफराबाद सापडल्यावर जेवायला बसली. लढाई कुठे झाली ते तिने अजून विचारलेलं नाही.

अटकेपार

'कैटना' खुद्द वेलस्लीच्या छापील पत्रांत आहे! माझा अंदाज, हस्ताक्षरातल्या एलला कुणीतरी आडवी रेघ मारली आणि टी झाला. दोनशे वर्षांत काकू पहिल्या असतील हरकत घेणाऱ्या.

काचफ्रेम

फोटो टाका. माउंट कितीचा ठेवलात?

घाटवाट

तीन इंच, खाली साडेतीन. फोटो रविवारी टाकतो, काचेवर आईच्या बोटांचे ठसे आहेत, पुसू देत नाही.

मोहोर

फाइल कुठून उतरवली ते सांगाल का? माझ्याही सासरचं गाव त्याच पट्ट्यात आहे.

घाटवाट

व्यक्तिगत निरोप केलाय.